गवतावर ठेवलेली गाय

जर्सीचं दूध कॉफीला चालतं, नैवेद्याला चालत नाही, असं संचालक भीमाचार्य म्हणत. संस्थेतल्या सगळ्या संकरित गाई त्यांनीच हट्टानं आणवल्या होत्या.

*

भटजींची सायकल त्या दिवशी क्वार्टर्सच्या एका फाटकातून निघून दुसऱ्या फाटकात शिरत होती. घसा पार बसला होता. एका घरी संकल्प सांगताना त्यांनी शेजारच्या घरच्या आजोबांचं नाव घेतलं. यजमानानं दुरुस्त केलं, तसे 'सरी, सरी', म्हणजे बरोबर बरोबर, म्हणत भटजी पुढं गेले.

*

कुसळी गवत फुलावर आलं की त्याची टोकं कापडात शिरतात, आणि माणूस चालेल तशी आत आत जातात. कृष्णवेणी संध्याकाळी हॉस्टेलच्या पायरीवर बसून साडीच्या काठातून ती एकेक उपटून काढायची.

*

'गवत खाऊन कुणी एम. एस्सी. होतं का?' हे प्राणेश मेसमध्ये म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

*

पदवीच्या अटी, कलम अकरा. प्रयोगातल्या जनावराच्या पोटात काय जातं, याची जबाबदारी सर्वस्वी विद्यार्थ्याची.

*

अहल्याबाईंनी तांब्याचं ताट चिंचेनं घासलं आणि उन्हात पालथं घातलं.

*

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाय मेलेली सापडली.

कलम अकरा : जबाबदारी

होसकोट्याच्या रस्त्यावर, बंगळूर मागं पडून नाचणीची शेतं सुरू होतात, तिथं ही संस्था होती. साल त्रेसष्ट. पशुपालन आणि कुरणशास्त्र या विषयात एम. एस्सी. करायची सोय तिथं नुकतीच झाली होती. त्या पदवीच्या अटी ज्यांनी एकहाती लिहिल्या, ते पशुआहाराचे प्राध्यापक त्रिविक्रमराव त्या सकाळी मेलेल्या गाईपुढं उभे होते.

गाय कृष्णवेणीच्या प्रयोगातली. प्रयोग साधा होता आणि हट्टी होता. संस्थानच्या काळापासून गुरांसाठी राखलेले माळ आहेत, त्यांना तिकडं कावल म्हणतात. त्या कावलावरची कुसळी फुलायच्या आधी कापून वाळवली, तर देशी जनावर दाणा नको, पेंड नको, नुसत्या त्या गवतावर तगेल का? एवढंच तिला बघायचं होतं. त्यासाठी तीन बैल आणि एक गाय कित्येक महिने गवतावर ठेवली होती. चौथा बैल मिळाला नाही, म्हणून गाय. संस्थेतली ती एकुलती एक देशी गाय. बाकी गोठ्यांतून सगळं परदेशी रक्त.

आता ती पाय ताणून पडली होती. पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं. पशुवैद्यानं सुरी चालवून रवंथाचं मोठं पोट उघडलं, तेव्हा असा आंबट भपकारा आला की जवळ उभा असलेला माणूस मागं सरला. आत गवत थोडं होतं. बाकी सगळा पांढरा लगदा. शिजवलेला भात, पाट्या भरतील इतका. आणि त्या लगद्यावर काळे तीळ तरंगत होते.

'गवतावरच्या गाईला एकदम एवढा भात म्हणजे विषच,' पशुवैद्य म्हणाला. 'पोट आंबलं, त्यापाठोपाठ रक्त आंबलं. संपली.'

हे त्रिविक्रमरावांना कुणी सांगायला नको होतं. उभी हयात ते हेच शिकवत आले होते.

कलम अकराला एक शेपूट होतं, तेही त्यांचंच. जनावर दगावलं आणि दोष दुसऱ्याचा असल्याचं सिद्ध झालं, तर उरलेल्या जनावरांवरचा निकाल धरावा. सिद्ध झालं नाही, तर दोष विद्यार्थ्याचाच समजावा. प्रबंध रद्द, दुसरी संधी नाही. लिहिताना हे वाक्य त्यांना फार करारी वाटलं होतं. आता दुसऱ्याच दिवशी मद्रासहून बाहेरचे परीक्षक तोंडी परीक्षेला येणार होते. तोवर भात कुणी घातला ते कळलं नाही, तर कृष्णवेणीची पदवी गेली. आणि चौकशी करायची कुणी? प्रबंध-समितीतल्या, मार्गदर्शक नसलेल्या सदस्यानं. म्हणजे पुन्हा त्रिविक्रमरावांनीच.

कृष्णवेणी गाईच्या डोक्याशी उकिडवी बसली होती. चिकपेटेतल्या कापडवाल्या नरसिंगरावांची ही थोरली मुलगी. ती रडत नव्हती. दावणीतलं उरलेलं गवत उचलून एकेक काडी बाजूला करत होती.

'काय शोधतेस?'

'काल दुपारी मी कावलावर गवत कापत होते, सर. संध्याकाळी आले तर हिनं वैरणीला तोंड लावलं नव्हतं. मला थांबायचं होतं. पण दिवेलागण झाली.'

मुलींनी दिवेलागणीनंतर गोठ्यात थांबू नये, हा नियम मात्र भीमाचार्यांचा.

बोलता बोलता तिची बोटं थांबली. एक काडी तिनं उजेडात धरली, वळवून पाहिली, आणि तिचा चेहरा असा झाला, जसं कुणी हळूच दार लावून घ्यावं. मग तिनं मूठ मिटली.

कलम चार : सहाध्यायी

तीळ म्हटल्यावर संशय घ्यायला लांब जायला नको होतं. शेजारच्याच गोठ्यात प्राणेशचा प्रयोग चालू होता: संकरित गाईंना तिळाची पेंड. तिळाच्या पोत्यांवरच तो बसलेला असायचा म्हणा ना. भीमाचार्यांचा भाचा, राहायला मामांच्याच घरी, जीभ तिखट, आणि कृष्णवेणीच्या गवताची टिंगल हा त्याचा रोजचा रतीब.

'या सर, या,' तो म्हणाला. 'बेड्या आणल्यात?'

'थट्टा पुरे. तीळ तुझ्याकडचे?'

प्राणेशनं पोत्यात हात घालून पेंडीचा खडा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. 'चुरडून बघा. घाण्यातून पिळून निघालेला तीळ अख्खा राहतो होय? पोटातले तीळ मीही पाहिलेत. एकेक दाणा सुटा, चकचकीत.'

ते खरं होतं. खडा हातात भुगा झाला.

'दुसरं असं,' प्राणेश रंगात आला, 'तिचे तीन बैल मस्त चाललेत. माझ्या डोक्यावर मिरे वाटतायत. गाय मात्र वाळत चालली होती. कृष्णवेणीचे आकडे तिच्याच विरुद्ध. मला मारायचंच असतं तर बैल मारला असता की! गाय तर माझ्या पक्षात होती.'

त्रिविक्रमरावांना हसू येणार होतं, ते त्यांनी दाबलं.

'काल दुपारी कुठं होतास?'

'घरी. मामांकडं श्राद्ध नव्हतं का? पायस दोनदा वाढून घेतलं, आणि...' तो क्षणभर थांबला. 'आणि झोपलो. तुमच्याकडंही होतंच की.'

होतंच. सर्वपित्री अमावास्या, संस्थेला सुट्टी. क्वार्टर्समधली निम्मीअधिक घरं त्यांच्यासारखीच, दहा पिढ्यांमागं महाराष्ट्रातून खाली आलेली, घरात मराठी बोलणारी. दारात कन्नड, ऑफिसात इंग्रजी, आणि पितरांशी संस्कृत.

बाहेर पडताना एक गोष्ट त्यांच्या मनात कुसळासारखी रुतली. चारही जनावरं एका रांगेत, एकाच दावणीला. कुणी चुकून भात ओतला असता, तर चौघांनी खाल्ला असता. बैलांच्या वाट्याला एक शीत नव्हतं. ज्यानं घातला, त्यानं गाय निवडून घातला.

का?

कलम दोन : निवास

गोठ्याचा राखणदार देवाप्पा पंपाच्या कट्ट्यावर बसला होता. मराठी त्याची घरचीच, पण अर्धी कन्नडात भिजलेली.

'काल दुपारी तू इथंच होतास?'

'इथंच, स्वामी.'

'झोपला होतास?'

'नाही, स्वामी. शिवाची आण.'

'बाहेरचं कुणी आलं होतं?'

'बाहेरचं यारू नाही.'

'मग भात काय आकाशातून पडला?'

देवाप्पानं स्वतःच्या पायांकडं पाहिलं. 'तुम्ही बाहेरचं विचारला, स्वामी,' तो म्हणाला. 'बाहेरचं यारू आलं नाही. स्वल्पही नाही.'

त्रिविक्रमरावांनी चष्मा पुसला. बाहेरचं नाही, म्हणजे आतलं. आणि त्या गोठ्यापुरतं आतलं माणूस कोण? जिला तिथं रोज जायची मुभा होती, जिला बघून ती गाय मान वर करायची. गाय वाळत होती, आकडे बिघडत होते, परीक्षा तोंडावर आलेली. चोरून दोन घास घालावेत, वजन जरा सावरावं, असं कुणाला वाटेल? बैल धडधाकट होते, त्यांना घालायची गरज नव्हती. फक्त गाय. फक्त तिलाच.

सगळं कसं जागच्या जागी बसलं. इतकं नीट बसलं की त्यांना त्याचा अभिमान वाटला. पुढं कितीतरी वर्षं त्यांना त्या अभिमानाची आठवण झाली की मान वर करवत नसे.

कलम सात : वनस्पती-संग्रह

त्या पदवीची आणखी एक अट अशी की विद्यार्थ्यानं परिसरातली गवतं स्वतः जमवून, वाळवून, कागदावर चिकटवून दाखवायची. कृष्णवेणीचा संग्रह प्रयोगशाळेतल्या लांब टेबलावर मांडला होता. मारवेल, पवन्या, कुसळी, शेडा. ती त्यांच्या मधोमध उभी होती.

'बस,' त्रिविक्रमराव म्हणाले. 'मी तुला रागावणार नाही. तुला दया आली असेल.'

'कशाची, सर?'

'गाईची. वाळत होती बिचारी. माणसाचा जीव आहे, दोन घास घातले असशील. खरं सांग, हॉस्टेलचा भात होता ना?'

कृष्णवेणीनं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नाही. परीक्षकानं सोपा प्रश्न चुकीचा विचारावा, आणि दुरुस्त कसं करायचं ते विद्यार्थ्याला कळू नये, तसं.

'हॉस्टेलच्या भातात तीळ घालत नाहीत, सर.'

'ते तू मला सांगू नकोस!' त्यांचा आवाज चढला. 'मी तुला वाचवायला बघतोय. कबूल केलंस तर मी समितीला सांगेन, अनुभव कमी, हेतू वाईट नव्हता. पदवी नाही, पण निदान नाव तरी राहील.'

'मी गाईला गवताखेरीज काहीही घातलेलं नाही.'

'मग कुणी घातलं?'

ती संग्रहाचे कागद सरळ करू लागली.

'बोल की! का दातखीळ बसली?'

तिनं संग्रहाच्या पहिल्या कागदाखालून एक काडी काढली आणि टेबलावर त्यांच्यासमोर ठेवली. लांब, ताठ, फिकट हिरवी. एक टोक कापलेलं, दुसरं अणकुचीदार.

'ही दावणीत सापडली,' ती म्हणाली. 'कावलावर ही उगवत नाही. माझ्या संग्रहात नाही. तुम्ही ओळखून बघा, सर.'

'गवत आहे.'

'हो सर. गवत आहे.'

त्यांनी काडी शर्टाच्या खिशात टाकली आणि ते निघाले. दारापाशी त्यांना वाटलं, ही पोरगी आपल्याला काहीतरी सांगते आहे. पण समोरच्यानं गुन्हा कबूल करावा म्हणून जो ताटकळलेला असतो, त्याला दुसरं काही ऐकू येत नाही.

कलम नऊ : घरी करावयाचा अभ्यास

घरी अहल्याबाईंनी कॉफी पुढं केली. त्रिविक्रमरावांनी शर्ट खुंटीला अडकवला, तशी खिशातली काडी खाली पडली.

'अहो, दर्भ असे टाकू नका,' अहल्याबाई म्हणाल्या. वाकून त्यांनी काडी उचलली, आणि सहज, न बघता, देवघराशेजारच्या फळीवर ठेवली.

फळीवर जुडी होती. काल श्राद्धाला आणलेली, अर्धी उरलेली. लांब, ताठ, फिकट हिरवी. काडी जुडीत मिसळून गेली. कुठली कुठली ते आता ओळखू येत नव्हतं.

कॉफीचा पेला त्यांच्या हातात तसाच राहिला.

काल याच हातांनी त्यांनी दर्भ अंथरून त्यावर पिंड मांडले होते. भात, तीळ, तूप, मध. नुसते तीन पिढ्यांचे नव्हेत; सर्वपित्रीला सगळ्यांचे. काका, आत्या, मावश्या, गुरू, लहानपणी विहिरीत बुडालेला मित्र. ताट भरून पिंड. नमस्कार करून ते जेवायला उठले होते. ताटाचं पुढं काय होतं, हे त्यांनी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

'काल पिंडांचं ताट कुठं रिकामं केलंस?'

'कुठं म्हणजे? गाईला दिलं.'

'कुठल्या गाईला?'

'काय विचारता हो! आपल्याकडं गाय एकच नाही का? बाकीच्या त्या जर्सी. मामंजींचे पिंड काय जर्सीला घालू?'

'दरवर्षी कुठं जात होते?'

'तळ्यात सोडत होतो. तिथं आता कारखान्याची भिंत आली ना. आम्ही म्हटलं, यंदा काय करायचं? तर वसुमतीअक्का म्हणाल्या,' वसुमतीअक्का म्हणजे भीमाचार्यांच्या पत्नी, 'संस्थेत देशी गाय आलीय, पुण्य दारात चालत आलंय.'

'म्हणजे तू एकटी नव्हतीस.'

'एकटी कशी? अक्कांचं ताट आधी गेलं. मग स्टोअरवाल्यांची कावेरी, मग मी. माझ्यामागं आणखी होत्या. देवाप्पानं तर फाटक धरून ठेवलं होतं, सोवळं मोडू नये म्हणून.' त्यांचा चेहरा कालच्या आठवणीनं मऊ झाला. 'काय आवडीनं खात होती हो! बिचारीला इतक्या दिवसांत कुणी गोडाचा घास दिला नव्हता. हात चाटत होती.'

त्रिविक्रमराव खाली बसले. एका ताटानं गाय मरत नाही. पोट बिघडेल, दोन दिवस वैरण सोडेल. पण एकामागून एक ताटं? आणि प्रत्येक घराला वाटणार, आपला तर एक घास. आता त्यांच्यापुढं सगळी ओळ उभी राहिली: बैल का नाहीत, तीळ अख्खे का, देवाप्पाला 'बाहेरचं' कुणी का दिसलं नाही. साहेबांच्या घरच्या बायका ओल्या केसांनी, सोवळ्यात, ताट घेऊन आल्या. त्यांना बाहेरचं म्हणायची त्याची काय प्राज्ञा?

'आज अक्का म्हणाल्या, साप चावला गाईला,' अहल्याबाई सावकाश म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होत्या. 'सापच ना हो?'

त्यांनी कॉफीचा पेला जमिनीवर ठेवला.

'अहो. सापच ना?'

कलम नसलेलं

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाचार्यांनी सगळं ऐकून घेतलं, केबिनचं दार लोटलं आणि खुर्ची जवळ ओढली.

'त्रिविक्रमा, हे कागदावर येता कामा नये.'

'मग पोरीची पदवी जाईल.'

'तिला आपण डिप्लोमा देऊ. चांगली मुलगी आहे, उद्या लग्न होईल, संसार करेल. पण हे? पशुविज्ञानाच्या संस्थेत, शास्त्रज्ञांच्या घरच्या पिंडांनी गाय मेली?' आवाज आणखी खाली आला. 'गोहत्या आहे ही, बाबा. आपल्या बायकांच्या नावावर लिहिणार तू? घरी अहल्येला काय सांगशील?'

अहल्याबाई कालपासून जेवल्या नव्हत्या. तांब्याचं ताट त्यांनी परसात भिंतीशी तोंड करून ठेवलं होतं.

'लोक हसतील, हे खरं दुखणं आहे,' त्रिविक्रमराव म्हणाले.

'मग दुखू नये?'

त्यांनाही तेच दुखत होतं. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात कृष्णवेणीसाठी किती चांगली डिप्लोमाची शिफारस लिहून पाहिली होती, ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

'जेवणाच्या सुट्टीनंतर परीक्षा आहे,' भीमाचार्य उठले. 'तू सुज्ञ आहेस.'

कलम पंधरा : तोंडी परीक्षा

मद्रासचे डॉ. वरदराजन कृश, खोकणारे आणि वक्तशीर होते. टेबलाच्या एका बाजूला ते, भीमाचार्य आणि त्रिविक्रमराव. दुसऱ्या बाजूला कृष्णवेणी, उभी. परीक्षा खुली, म्हणून भिंतीकडेच्या बाकांवर विभागातली माणसं, त्यांत प्राणेशही. बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

'आधी कलम अकरा,' वरदराजन म्हणाले. 'चौकशीचा निष्कर्ष?'

त्रिविक्रमराव उठले. भीमाचार्य खिडकीबाहेर पाहत होते.

'भात श्राद्धाच्या पिंडांचा होता,' ते म्हणाले. 'माझ्या घरचा. पिंड मी केले, ताट माझ्या पत्नीनं नेलं. तिला प्रयोगाची कल्पना नव्हती. तिला ती देण्याचं काम माझं होतं. विद्यार्थिनीचा यात काही दोष नाही.'

कृष्णवेणीनं पहिल्यांदाच मान खाली घातली. अपराध्यासारखी घातली, जणू लाज तिलाच वाटत होती, त्यांच्या वतीनं.

वरदराजननी शवविच्छेदनाच्या टिपणावर बोट ठेवलं. 'प्राध्यापक, मीही ब्राह्मण आहे. माझ्याही घरी पिंड होतात. एका घरच्या पिंडांनी इतकं पोट भरत नाही. बाकीचा भात कुणाचा?'

'माझ्या घरापुरतं मी सांगितलं.'

'मग सिद्ध झालं नाही. तुम्ही तिच्याविषयीच्या सहानुभूतीनं एक ताट अंगावर घेताय, असं मी समजेन. उरलेल्या भाताचा हिशेब लागला नाही तर तुमच्याच कलमाप्रमाणं दोष तिचा.' ते खोकले. 'कलम कुणी लिहिलंय?'

'मी.'

'कडक आहे.'

भीमाचार्यांची नजर खिडकीवरून हलली नाही. बाकांवरच्या माणसांनी आपापले हात तपासायला सुरुवात केली होती. प्रत्येकाच्या घरी परवा पायस झालं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं भीक दुसऱ्याच्या झोळीत पडणार होती, म्हणून भीड आणखीच घट्ट झाली होती. त्रिविक्रमरावांना वाटलं, आता मीच नावं घ्यावीत, एकेक करून. त्यांनी तोंड उघडलं. पहिलं नाव त्यांच्या साहेबांच्या पत्नीचं होतं. ते जिभेवरून पुढं सरकेना.

'आमच्याकडचं ताट मी नेलं.'

बाकावरून प्राणेश उठला होता. चेहरा पांढरा पडलेला.

'मामींचे पाय दुखत होते,' तो म्हणाला. 'मला म्हणाल्या, तू ने. मी नेलं. मी पेंडीवर प्रबंध लिहितोय, सर. भातानं काय होतं ते मला माहीत आहे. मला वाटलं, एक ताट काय होतंय. माझ्यामागं बायका येताना दिसल्या, तेव्हा थांबवायला हवं होतं. मला... मला हसू आलं होतं. गवतवालीची गाय आज मेजवानी झोडतेय म्हणून.' तो कृष्णवेणीकडं वळला, आणि मराठीत म्हणाला, 'चुकलो गं.'

'बस खाली!' भीमाचार्य ओरडले.

तो बसला नाही. मग मागच्या बाकावर स्टोअरवाले उभे राहिले. त्यांच्या शेजारचा आणखी एक. वर्गात शिक्षा झालेल्या मुलांसारखे ते उभे होते आणि कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

भीमाचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे डोळे चष्म्याशिवाय फार म्हातारे दिसत होते. 'लिहा,' ते वरदराजनना म्हणाले. 'क्वार्टर्स. माझ्या घरापासून सुरू करा.'

वरदराजननी लिहिलं, टोपण लावलं आणि कृष्णवेणीकडं पाहिलं. 'तीन बैलांचा निकाल ग्राह्य. गाय वगळू. काही म्हणायचंय?'

'गाय वगळू नये,' ती म्हणाली. 'अमावास्येच्या दुपारपर्यंत तिनं जे खाल्लं ते नियमाप्रमाणं खाल्लं. ती वाळत होती, हेही खरं आहे. ते प्रबंधात राहू द्या. माझ्या विरुद्ध असलं तरी.'

मग परीक्षा सुरू झाली. वरदराजननी कुसळीवर विचारलं, कावलाच्या मातीवर विचारलं. तिची उत्तरं नीट येत होती. त्रिविक्रमरावांची पाळी आली तेव्हा त्यांनी प्रश्नांचा कागद पालथा घातला. 'माझा प्रश्न नाही,' ते म्हणाले.

पण होता. व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं.

'काडी पाहिल्याबरोबर तुला कळलं होतं.'

'हो सर.'

'मी तुला चोर ठरवत होतो, तेव्हाही तुला ठाऊक होतं.'

'हो सर.'

'मग सरळ बोललीस का नाहीस? पदवी जात होती तुझी!'

कृष्णवेणीनं संग्रहाचे कागद छातीशी धरले होते. 'बोलले असते, तर तुम्ही काय म्हणाला असता, सर? पदवी वाचवायला ही कापडवाल्याची पोर माझ्या बायकोवर गोहत्या घालते.'

त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. शब्द अगदी हेच असते. फार तर 'पोर'च्या जागी 'पोरगी'.

ती नमस्काराला वाकू लागली, तसे ते दोन पावलं मागं सरले.

होसकोट्याच्या गुरांच्या बाजारात ती गाय त्रिविक्रमरावांनीच पसंत केली होती. विकणाऱ्या बाईनं विचारलं, खायला नीट घालाल ना; आणि ते म्हणाले होते, आमच्याकडं तेवढंच शिकवतात.